शतावरी

लोरेटाने कुंपणावरून हात लांबवून
वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळं दिली तेव्हा
आम्हाला कोलंबसला येऊन दोन महिने झाले होते.
इंडियानातलं कोलंबस, ओहायोतलं नव्हे.
आईला हे फोनवर अजून सांगावं लागतं.

अ‍ॅस्परॅगस, ती म्हणाली. म्हणजे आपली शतावरीच की,
बाळंतपणात जिचा कल्प आईने दुधातून पाजला
तिची ही इकडची चुलतबहीण.
"तीन वर्षं कापायची नाही. मग वीस वर्षं बघायला नको."
मी हसले. तीन वर्षं कोण थांबतंय इथे!
नोकरीचा कागदच तेवढ्या मुदतीचा.
मुळं गॅरेजमध्ये वाळून गेली.

ही गोष्ट तेरा सालची.

कारखान्यात मी इंजिनं तपासते.
काचेमागच्या खोलीत, काँक्रीटला बोल्टांनी जखडलेलं
इंजिन दिवसरात्र धावतं.
लाख मैल, दोन लाख,
घाटाची चढण, वाळवंटाची हवा, उणे तीसची पहाट,
सगळं जागच्या जागी.
मी आकडे लिहिते: कुठे तापलं, कुठे झिजलं.
आणि महिन्याच्या मध्यावर आणखी एक आकडा बघते,
सरकारी तक्त्यात, आपल्या देशाच्या रकान्यात.
माझी तारीख तीन जानेवारी, दोन हजार पंधरा.
कुणी झोपेतून उठवून विचारलं
तर लग्नाच्या तारखेआधी हीच येईल ओठांवर.

तक्ता कधी आठवडाभर सरकतो,
कधी वर्षभर घोंगडं भिजत पडतं.
एकदा मात्र पाच आठवड्यांवर आला होता!
हेरंबने खरोखरच देव पाण्यात घातले,
पायरेक्सच्या भांड्यात.
लसींच्या नोंदी, डॉक्टरचा सीलबंद लिफाफा,
पांढऱ्या भिंतीपुढचे, न हसलेले चौघांचे फोटो.
मग तारीख अडीच वर्षं मागे गेली.
घरात कुणी काही बोललं नाही.
देव पुसून जागेवर ठेवले.
लिफाफ्याची मुदत ड्रॉवरमध्येच संपली.

बाबा गेले तेव्हा
पासपोर्टवरचा शिक्का जुना झालेला.
"गेलात तर परत कधी येता येईल, सांगता येत नाही,"
वकीलबाई म्हणाल्या, आणि त्या अर्ध्या तासाचं बिल आलं.
तेराव्याला दादाने फोन भिंतीला टेकवून ठेवला.
मला पूर्ण वेळ छताचा पंखा दिसत होता.

शाल्मली मे महिन्यात एकवीस पूर्ण करेल.
आली तेव्हा सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले.
त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ती माझं मूल नाही,
माझ्या अर्जातून तिचं नाव गळेल
आणि रांगेच्या शेवटाला, मला दिसणार नाही इतक्या लांब,
ती तिची ती उभी राहील.
अद्वय इथलाच, निळ्या पासपोर्टचा.
"ताई, तू माझ्या बॅगेत बस," तो तिला म्हणाला.
तिने बॅगेची लांबी मोजल्यासारखं केलं.

बारा वसंत लोरेटाने कुंपणावरून जुडी दिली,
बारा वसंत मी पीठ पेरून तिची भाजी केली
आणि डबा परत दिला.
या एप्रिलमध्ये मी मुळं मागितली.

वीतभर खोल चर. मधे मातीचा उंचवटा,
त्यावर मुळं दोन्हीकडे पाय सोडून बसवायची.
शाल्मली गुडघ्यांवर, नखांत काळी माती.
"कापणार कोण, आई? तीन वर्षांनी?"

मला उत्तर सुचेना. मी माती लोटत राहिले.
"मी आहे ना," लोरेटा कुंपणापलीकडून म्हणाली.
ती ब्याऐंशीची आहे.
आधी तीच हसली, मग आम्ही.

मग शाल्मली उठली, पाण्याचा पाइप आणायला.